केळ्याचा बर्गर

बर्गर हा शब्द बसंतीबाईंनी घरात पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा अमरचंदांनी पेपर खाली करून विचारलं होतं, पोराला दात तरी आलेत का.

दात आले नव्हते. खालच्या हिरडीवर बोट फिरवलं तर काहीतरी टोचायचं, तेवढंच. पण कनिकानं संभाजीनगरहून मोबाइलवर जो व्हिडिओ पाठवला होता, त्यातली बाई त्याला बर्गरच म्हणत होती. पाव नाही, चटणी नाही, मीठ नाही, साखर नाही. भाज्या उकडून, कुस्करून केलेली मऊ टिक्की, बाळाला आपल्या मुठीत धरता येईल अशी. मग टिक्कीच म्हण की, असं अमरचंदांचं म्हणणं पडलं. बसंतीबाईंनी ऐकलं नाही. आपल्या लेकीनं पाठवलंय तर लेकीच्या शब्दानंच चालू द्यावं, असं त्यांना वाटलं, आणि दुकानातल्या नोकरांपासून शेजारच्या फ्लॅटपर्यंत सगळ्यांना कळलं की अमरचंद पाइपवाल्यांचा आठ महिन्यांचा नातू बर्गर खातो.

निदान सुरुवातीला तरी खात होता.

आज रविवार. उद्यापासून सून तृप्ती पुन्हा बदनापूरच्या संशोधन केंद्रात कामावर जाणार होती. तिची बाळंतपणाची वाढवलेली रजा संपली होती, आणि बाळानं, नमननं, दिवसभर कुणाकडे राहायचं हा प्रश्न महिनाभर दोन्ही घरांत नुसता फिरत होता. तृप्तीचं माहेर बदनापूरलाच, केंद्राजवळ. तिथं ठेवला तर दुपारी आईला येऊन पाजता येईल. इथं नवीन जालन्यात ठेवला तर आपल्या घरात, आपल्या माणसांत वाढेल. तिचे आईवडील रामराव आणि नंदाबाई आज जेवायला येणार होते ते त्यासाठीच. जेवण नावाला.

बसंतीबाईंना नातू इथं हवा होता. का, ते त्या कुणाला सांगत नव्हत्या. कुणी विचारलं तर जाण्यायेण्याची दगदग, ऊन, धूळ असं बोलायच्या. खरं कारण फ्रिजमध्ये होतं. नंदाबाईंच्या फ्रिजच्या दारात वरच्या कप्प्यात अंड्यांचा ट्रे असायचा. बारशाच्या वेळी थंड पाणी काढायला म्हणून बसंतीबाईंनी ते दार उघडलं होतं आणि हळूच लावलं होतं. त्यांच्या मागच्या कितीतरी पिढ्यांत कांदा, बटाटा, गाजर, म्हणजे जमिनीखाली वाढणारं काहीच चुलीवर चढलं नव्हतं, आणि आता हे लेकरू त्या ट्रेसमोर रांगणार होतं. लेकाच्या रजिस्टर लग्नानंतर दोन घरांत जे मुकं वर्ष गेलं, त्यातून बाहेर यायला सगळ्यांना किती जड गेलं ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून ट्रेचं नाव त्या काढत नव्हत्या.

बोलायला त्यांच्याकडे बर्गर होता. पोरगं चमचा तोंडाजवळ आला की मान फिरवायचं, आईच्या हातून नाही, आजीच्या हातून नाही. पण मुठीत काही दिलं की गंभीरपणे चोखत बसायचं. तेव्हा ज्या घरात तो जेवतो त्या घरात तो राहील, इतकं साधं होतं ते.

कनिकाच्या व्हिडिओत बटाटा होता, गाजर होतं, बीट होतं, वाटाणा होता. पहिली तीन जमिनीखालची, ती आपोआप गेली. वाटाण्याची सालं नमननं थुंकली, तोही गेला. बटाट्याच्या जागी या घरात नेहमी जे येतं ते आलं, कच्चं केळं. समोशात केळं, पावभाजीत केळं, वड्यात केळं, मग बर्गरमध्ये का नको? शिवाय केळं आठम-चौदसलाही, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीलाही, चालायचं. त्या दिवशी घरात हिरवी भाजी चिरत नसत, पण केळं या घरात त्यात धरत नसत. गाळून गाळून उरलं ते केळं, आणि मिळून यायला भाजलेल्या पोह्यांचा चुरा. बसंतीबाईंनी हौसेनं रोज सकाळ-संध्याकाळ केले. फोनवर नंदाबाईंना सांगितलंसुद्धा, दोन-दोन खाऊन राह्यलाय म्हणून.

गेले तीन-चार दिवस मात्र तो बर्गर हातात घ्यायचा आणि खाली टाकायचा. हे त्यांनी फोनवर सांगितलं नव्हतं.

*

रामराव आले ते भलामोठा लाल भोपळा खांद्यावर घेऊन. शेतातला, देठासकट. मागून नंदाबाई जिना चढताना म्हणत होत्या, पडाल, पडाल, आणि रामराव म्हणत होते, आजवर पडलोय का.

बसंतीबाईंनी दारातच बघितलं आणि त्यांची पंचाईत झाली. आज चौदस होती. रविवार ठरवताना अमरचंदांनी दुकानाची सुट्टी बघितली, रामरावांनी शेतातली कामं बघितली, तिथी कुणीच बघितली नाही, आणि लक्षात आली तेव्हा बोलावणं गेलं होतं.

"ब्याईजी, भोपळा बाल्कनीत ठेवा हं जरा," त्या म्हणाल्या. "आज आमच्याकडे हरी चालत न्हाई."

"भोपळा तर लाल हाय," रामराव म्हणाले.

"लाल असला तरी हरीच."

रामरावांनी यावर जरा विचार केला आणि भोपळा बाल्कनीत नेऊन ठेवला. नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. श्रेयांस, म्हणजे बसंतीबाईंचा लेक, सासऱ्यांना आत घेऊन आला आणि पंख्याखालची खुर्ची त्यांना दिली. तृप्ती माहेरच्या माणसांना बघून जरा मोकळी झाली, तेही बसंतीबाईंनी टिपलं. या सुनेनं महिनाभरात मला असं हवंय, तसं हवंय, असं एकदाही म्हटलं नव्हतं. तुम्ही ठरवाल तसं, म्हणायची. भांडली असती तर बरं झालं असतं, असं बसंतीबाईंना कितीदा तरी वाटून गेलं होतं.

चौदशीचं म्हणून बाट्या, डाळ, बेसनाच्या गट्ट्याची भाजी आणि कढी होती. नंदाबाईंनी गट्ट्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि कांद्यावाचून एवढी दाट कशी होते ते विचारलं. बसंतीबाईंनी दही फेटायची रीत सांगितली. सगळं गोडीत चाललं होतं. मग अमरचंद म्हणाले, "आता आमच्या शेठचं जेवण बघा."

नमनला त्याच्या उंच खुर्चीत बसवलं. बसंतीबाईंनी वाटीतून बर्गर आणला, बोटाएवढा लांबट वळलेला, मुठीत धरला की वर टोक उरेल असा. बाहेरून सोनेरी, आतून मऊ. त्यांनी तो त्याच्या हातात दिला आणि बाजूला सरकल्या.

नमननं बर्गरकडे बघितलं. मग आजीकडे. मग हात खुर्चीबाहेर नेऊन अगदी सावकाश मूठ उघडली.

दुसराही गेला. तिसरा बसंतीबाईंनी त्याच्या ओठाला लावला, तेव्हा त्यानं मान फिरवली, पाय पोटाशी घेतले, लालबुंद झाला आणि असा काही रडला की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. तृप्ती उठली. पण नंदाबाई जवळ होत्या, त्यांनीच त्याला उचललं, खांद्यावर पालथा घेतला आणि पाठीवरून हात फिरवत खोलीत दोन फेऱ्या मारल्या. फिरता फिरता त्यांनी त्याच्या पोटावर तळहात ठेवला. मग तृप्तीच्या कानाशी काहीतरी विचारलं. तृप्तीनं हळूच उत्तर दिलं. मग नंदाबाई वाकल्या, खाली पडलेला बर्गर उचलला, मोडला, आतलं बघितलं आणि एक तुकडा आपल्याच तोंडात टाकला.

बसंतीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. नंदाबाई चावत होत्या. केळ्याची ती जराशी तुरट, टाळ्याला चिकटणारी चव. आणि त्याच क्षणी, समोरची बाई अजून घास गिळतेय तोवरच, बसंतीबाईंना कळलं. कच्चं केळं पोट बांधतं. हगवण लागली की त्या स्वतःच घरात सगळ्यांना केळ्याची भाजी करून घालायच्या. आणि लेकराला तेच सकाळ-संध्याकाळ.

"काय झालं असंल?" रामरावांनी विचारलं.

आता ही बोलणार. आपल्याच दिवाणखान्यात, आपल्या नवऱ्यासमोर, सुनेसमोर.

नंदाबाईंनी घास गिळला. "दात येऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "हिरड्या ठणकल्या की लेकरं असंच करतात. विहीणबाई, जरा गरम पाणी देता का आत?"

*

स्वयंपाकघराचं दार लोटून घेतल्यावर बसंतीबाईंनी गॅसवर पाणी ठेवलं. मग नंदाबाईंनी मनुका कुठं असतात ते विचारलं. बसंतीबाईंनी डबा काढला. काळ्या मनुका धुऊन गरम पाण्यात घातल्या, झाकण ठेवलं. हिंग कालवला, बेंबीभोवती लावायला. हे दोघींनाही येत होतं, सांगावं लागलं नाही.

"तुम्हाला कळलं होतं," शेवटी बसंतीबाई म्हणाल्या.

"पोट दगडासारखं लागलं हाताला."

"मंग बाहेर बोलल्या का न्हाई? तुमचाच फायदा होता."

नंदाबाईंनी झाकण उचलून मनुका फुगल्या का ते बघितलं. "तृप्तीच्या वेळेला मी तिला दोन महिने नुसतं नाचणीसत्त्व पाजलं घट्ट करून. लई पौष्टिक म्हणून. डॉक्टर मलाच ओरडले, सासूसमोर." झाकण परत ठेवलं. "सासू लई दिवस बोलून दाखवायची."

बसंतीबाईंनी ओट्यावरचा स्वच्छ भाग पुन्हा पुसला.

"भोपळा पाह्यजे," नंदाबाई म्हणाल्या. "भोपळा आन् मुगाची डाळ. पोटाला हलकं. पण तुमची चौदस."

भोपळा बाल्कनीत होता. बसंतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून चौदशीला या घरात सुरी भाजीला लागली नव्हती. चिकुनगुनियात त्या स्वतः आडव्या होत्या तेव्हासुद्धा सगळ्यांनी डाळ-भात खाल्ला होता. लेकरांना सूट असते हे त्यांना माहीत होतं. पण सूट असणं निराळं आणि ती घेणं निराळं.

"घेऊन या," त्या म्हणाल्या.

"मी चिरते. तुम्ही बाहेर थांबा हवं तर. तुमच्या हातून नको."

भोपळ्याची साल मात्र रामरावांसारखीच हट्टी निघाली. सुरीचं टोक आत गेलं आणि तिथंच अडकलं. नंदाबाईंचं मनगट गेल्या वर्षी मोडून बसलं होतं, जोर लागेना. त्यांनी सुरी हलवून बघितली, फडकं गुंडाळून बघितली. बसंतीबाई दाराशी उभ्या होत्या, बाहेर गेल्या नव्हत्या. त्या आल्या, नंदाबाईंच्या हातावर आपला हात ठेवला आणि वजन टाकलं. कर्रकन आवाज झाला. भोपळा उघडला.

पुढचं सगळं भराभर झालं. फोड किसली, वाफवली, पाणी पिळून काढलं. मुगाची डाळ मऊ शिजवून, घोटून त्यात घातली. मिळून यायला नंदाबाईंनी ज्वारीचं पीठ कोरडं भाजून घेतलं, अगदी बेताचं. चिमूटभर जिऱ्याची पूड, थेंबभर तूप. मीठ म्हणून नंदाबाईंचा हात सवयीनं डब्याकडे गेला आणि बसंतीबाईंनी डबा सरकवला.

"वर्षाचा होईस्तोवर न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"चिमूटभरानं काय होतंय?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

नंदाबाई हसल्या. बसंतीबाईंनी एक टिक्की दोन बोटांत दाबून बघितली. नुसत्या बोटांनी चुरली जातेय म्हणजे हिरड्यांनाही जाईल. तव्यावर मंद आचेवर ठेवल्या, झाकण घातलं.

*

मनुकांचं पाणी पिऊन, बेंबीला हिंग लावून, तृप्तीच्या मांडीवर पाय सायकलीसारखे हलवून घेऊन नमन एक झोप काढून उठला. उठल्यावर तो आजोबांकडे गेला. अमरचंदांनी दुपारी कपडे बदलले होते, पांढरा लेंगा आणि पांढरा सदरा. दिवसा डायपर नको, उन्हानं अंग उततं, हा नियम बसंतीबाईंचाच. नमनला साधं लंगोट होतं.

अमरचंद मुद्द्यावर आले. त्यांची बोलण्याची पद्धत दुकानासारखीच होती, आधी समोरच्याच्या मालाची तारीफ. बदनापूरचं घर मोठं, हवा चांगली, ब्याणजींचा, म्हणजे नंदाबाईंचा, जीव पोरावर किती ते सगळ्यांना माहीत. पण, ते म्हणाले, लेकराला एक जागा, एक शिस्त, एक चूल लागते. श्रेयांस पंख्याकडे बघत होता. रामराव मान हलवत होते, ते सगळ्यांच्याच बोलण्याला हलवत. तृप्ती चटईवर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"म्हणून माझं असं मत आहे," अमरचंद म्हणाले आणि थांबले.

मांडीवरचा नमन स्तब्ध झाला होता. चेहरा लाल, डोळे लांब कुठंतरी लागलेले. खोलीतल्या तिन्ही बायकांना एकदम कळलं. पुरुषांना वासानं कळलं.

तीन-चार दिवसांचं होतं ते. लेंगा गेला, सदऱ्याची खालची बाजू गेली. अमरचंद हलले नाहीत, हलता येण्यासारखं नव्हतंच. नमननं सगळं आटोपल्यावर एक मोठा उसासा टाकला आणि आजोबांकडे बघून तो हसला, आठवडाभरात पहिल्यांदा. आधी रामराव फुटले, मग श्रेयांस, मग तृप्ती तोंड लपवून आतल्या खोलीत पळाली ती पोराचे कपडे आणायला की हसायला, कळलं नाही.

"शाब्बास," अमरचंद नातवाला म्हणाले. "तुझंपण मत आलं."

अंघोळी झाल्या, लेंगा बदलला, नमन पुन्हा खुर्चीत बसला. यावेळी बसंतीबाईंनी नवा बर्गर दिला, नारिंगी. त्यानं तो मुठीत धरला, चोखला, विचार केला आणि हिरडीनं टोक तोडलं. खाली टाकला नाही. अर्धा गालाला, थोडा कानाला, पण बराचसा पोटात गेला. दुसऱ्यासाठी हात पुढं आला.

"हे नारिंगी काय आहे?" अमरचंदांनी विचारलं.

"भोपळा," बसंतीबाई म्हणाल्या.

"आज?"

"आज."

"कुणी चिरला?"

"मी," नंदाबाई म्हणाल्या.

"मीपण," बसंतीबाई म्हणाल्या.

अमरचंदांनी बायकोकडे पाहिलं. मग नमनकडे, जो केसांना भोपळा लावत होता. तिथी त्यांनी पुन्हा काढली नाही. उलट त्यातून त्यांना आपला मुद्दा मिळाला. बघा म्हणाले, आपल्या घरात, आपल्या आजीच्या हातचं कसं खातोय. दाताचा त्रास होता तो गेला. पोरगं इथंच रुळलंय. मग ठरलं समजायचं ना रामरावजी?

रामरावांनी मान हलवली. श्रेयांस काही बोलेल म्हणून तृप्तीनं त्याच्याकडे बघितलं, आणि तो काही बोलला नाही म्हणून खाली बघितलं. नंदाबाई नमनचा गाल पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ज्या गोष्टीसाठी बसंतीबाई महिनाभर बर्गर वळत होत्या ती गोष्ट समोर वाटीत वाढून ठेवली होती. गप्प बसलं की झालं.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. ओढणी बोटाभोवती आवळून तिच्या बोटाचं टोक पांढरं झालं होतं.

"दात न्हाई," बसंतीबाई म्हणाल्या.

"काय?"

"दाताचा त्रास न्हवता. माझ्या केळ्यानं त्याचं पोट बांधलं. रोज कच्चं केळं घालून राह्यले होते मी. ब्याणजींना कळलं, त्यांनी झाकून घेतलं." त्या सुनेकडे वळल्या. "तृप्ती, बेटा, दुपारी तुला त्याला पाजता यायला पाह्यजे की न्हाई?"

तृप्तीनं वर पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा तिला कुणी असं सरळ विचारलं होतं, आणि ते आपण विचारायला हवं होतं हे श्रेयांसला बहुतेक आत्ता कळलं, कारण तो घसा खाकरून सरळ बसला.

"पाह्यजे, मम्मीजी," तृप्ती म्हणाली. आवाज बारीक होता पण मोडला नाही. "छाती भरून येती. केंद्रातून जालन्याला येऊन परत जाणं होत न्हाई."

"मंग दिवसा बदनापूर. संध्याकाळी घरी. श्रेयांस नेईल-आणेल."

"नेईन," श्रेयांस म्हणाला, जरा जास्तच लवकर.

अमरचंद काहीतरी बोलणार होते. बसंतीबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांनी वाटीतली बडीशेप तोंडात टाकली.

"पण डबा इथून जाईल," बसंतीबाई पुढं म्हणाल्या, आता नंदाबाईंकडे वळून. "त्याचा बर्गर मी करून देणार. मांडी तुमची, डबा माझा. आणि तुमच्या फ्रिजच्या दारात जे आहे, ते त्याच्या ताटात नको."

नंदाबाईंना समजायला क्षण लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर बारशाचा सगळा दिवस आला. "ते होय," त्या म्हणाल्या. "न्हाई घालणार. तृप्तीनं सांगितल्याबिगर मी त्याला पाणीबी देणार न्हाई."

*

निघताना रामरावांनी गाडी काढेपर्यंत दोघी जिन्याखाली उभ्या होत्या. नमन नंदाबाईंच्या कडेवर, टोपडं कानावर सरकलेलं. वर भोपळ्याचा मोठा भाग फ्रिजमध्ये ठेवला होता, उद्यासाठी, परवासाठी.

"एक राह्यलं," नंदाबाई म्हणाल्या. "आठम-चौदसला काय करायचं? दर वेळेला तर तुम्ही सुरी धरणार न्हाई."

बसंतीबाईंनी टोपडं सरळ केलं. "त्या दिवशी तुम्हीच करा."

"माझ्या घरात गाजर असतं. बटाटा असतो. आधीच सांगते."

टोपड्याची नाडी बांधायला बसंतीबाईंना बराच वेळ लागला. एकदा सुटली, पुन्हा बांधली.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "मला सांगू नका."

नंदाबाईंनी नातू त्यांच्या हातात दिला आणि मोटारसायकलवर मागं बसल्या. गाडी सुरू झाल्यावर त्या जरा वाकून म्हणाल्या, "केळं मात्र घालणार न्हाई हं विहीणबाई."

बसंतीबाईंना इतकं हसू आलं की वर बाल्कनीतून अमरचंदांनी वाकून विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, काही न्हाई, आणि नमनला घेऊन जिना चढू लागल्या. मुगाची डाळ भिजत घालायची राहिली होती.